प्रवाहमर्यादक स्विच, समायोज्य

अल्प दाबाच्या विद्युत् मंडलात उगमाकडून भाराकडे जाणाऱ्या प्रवाहास ठरावीक हद्दीपलीकडे वाढू न देणारा, आणि ती हद्द बाहेरून जोडलेल्या एका रोधकाच्या मूल्याने निश्चित करण्याची मुभा मंडलरचनाकाराला देणारा अर्धसंवाहक स्विच. काही प्रकारांत रोधकाऐवजी अंकीय आज्ञेनेही मर्यादा बदलता येते. येथे अल्प दाब म्हणजे घरगुती २३० व्होल्ट नव्हे, तर यूएसबीचे ५ व्होल्ट, संगणकीय पट्टीवरील ३·३ व्होल्ट किंवा तत्सम दाब होय.

वितळतार असताना या उपकरणाचे प्रयोजन काय, ही शंका रास्त आहे. परंतु वितळतार तापून वितळण्यास जो अवधी लागतो, त्या अवधीत एका शाखेतील लघुपथन पुरवठ्याचा सारा दाब खाली खेचते, आणि ज्या शाखांचा या दोषाशी काडीचाही संबंध नाही त्यांचे सूक्ष्मप्रक्रियकही बंद पडून पुन्हा पहिल्यापासून सुरू होतात. उलटपक्षी अर्धसंवाहक स्विच काही मायक्रोसेकंदांत आवर घालतो. एप्रिल २००० मध्ये प्रसिद्ध झालेल्या यूएसबी २·० मानकाने अतिप्रवाहाचा बंदोबस्त वापरणाऱ्याच्या हाताने काही बदलावे न लागता पूर्ववत होणारा असावा, आणि त्याची हद्द कोणत्याही परिस्थितीत ५ ॲम्पिअरच्या पुढे नसावी, अशी तरतूद केल्याने यूएसबीच्या दारांवरून साध्या वितळतारेची गच्छंती झाली. बहुवारिकाची, थंड झाल्यावर पुन्हा वाहू लागणारी वितळतार त्या मानकास मान्य आहे. मात्र ती मंद असते, आणि भोवतालची हवा तापली की तिची प्रवाहक्षमता घटते.

स्विचच्या पोटात एक मॉसफेट आणि त्यातील प्रवाहाचा अल्प, प्रमाणबद्ध अंश मोजणारे उपमंडल असते. हा अंश रोधकाने ठरविलेल्या संदर्भाशी ताडून पाहिला जातो, आणि तो वरचढ होताच मॉसफेटचे द्वार अंशतः मिटून प्रवाह स्थिर केला जातो. टेक्सास इन्स्ट्रुमेंट्सच्या टीपीएस२५५३ या संकलित मंडलाचा दाखला घेऊ. त्याची मर्यादा ७५ मिलिॲम्पिअरपासून सुमारे १·७ ॲम्पिअरपर्यंत ठेवता येते. रोध जितका मोठा, तितकी मर्यादा लहान: २० किलोओहमला सुमारे १·३ ॲम्पिअर, ४९·९ किलोओहमला ५२० मिलिॲम्पिअर.

हा ५२० चा आकडा नवशिक्यास हमखास फसवितो. घटकाघटकांतील तफावत आणि तापमान यांमुळे तो प्रत्यक्षात ४७५ ते ५६५ यांदरम्यान कोठेही पडू शकतो. सबब यूएसबी २·० च्या नियमाने ५०० मिलिॲम्पिअरचा हक्क असलेले निर्दोष उपकरणही एखाद्या नगाकडून अडविले जाईल. म्हणून मर्यादेचा नीचांक भाराच्या न्याय्य गरजेच्या वर आणि उच्चांक पुरवठ्याच्या कुवतीच्या खाली राहील असे पाहावे लागते, म्हणजेच येथे नाममात्र मर्यादा ५५० च्या थोडी पुढे नेणे प्राप्त होते. जे रचनाकार केवळ मधला आकडा वाचून रोधक निवडतात, त्यांच्या पट्ट्या प्रयोगशाळेत निमूट चालतात आणि ग्राहकाकडे गेल्यावर तक्रारी येऊ लागतात.

उष्णतेचा प्रश्न याहून बिकट आहे. ५०० मिलिॲम्पिअर वाहत असताना ८५ मिलिओहमच्या वाहक मॉसफेटमध्ये जेमतेम ०·०२ वॉट जळतात; पण लघुपथन झाल्यास ५ व्होल्टचा सारा दाब स्विचवरच येऊन ५२० मिलिॲम्पिअरला २·६ वॉट, म्हणजे शंभरपटीहून अधिक उष्णता, तांदळाच्या दाण्याएवढ्या वेष्टनात साचते. अंतर्गत तापमान सुमारे १३५ अंश सेल्सिअस होताच स्विच आपणहून खुला होतो, दहाएक अंश निवल्यावर पुन्हा जोडला जातो, आणि दोष निवारेपर्यंत हे रहाटगाडगे चालू राहते. उष्ण प्रदेशात वैशाखातील भोवतालची हवा ४० अंशांची धरली, तर १३५ अंशांपर्यंत उरणारी सवड ९५ अंशांची असते, तर २५ अंशांच्या वातानुकूलित खोलीत ती ११० असते. निर्मात्यांची बहुतेक कोष्टके अशा थंड खोलीच्या तापमानाची असतात, हे उष्ण प्रदेशातील रचनाकाराने विसरू नये.

भार जोडताक्षणी रिकामी धारित्रे क्षणभर मोठा प्रवाह ओढतात. त्यास दोष समजून उगाच ओरड होऊ नये म्हणून इशारावाहिनी काही मिलिसेकंदांच्या विलंबानेच खबर देते. हा क्षणिक प्रवाह आटोक्यात राहावा म्हणून यूएसबी मानकाने उपकरणाच्या प्रवेशधारित्रास १० मायक्रोफॅरडची कमाल मर्यादा घातली आहे. काही प्रकार दोष दिसताच बंद होतात आणि पुन्हा हुकूम मिळेपर्यंत तसेच राहतात. प्रयोगशाळेत, जेथे दोष शोधणारा माणूस समोर बसलेला असतो, तेथे हेच बरे. माणसाची ये-जा नसलेल्या ठिकाणी मात्र स्वतःच पुनःप्रयत्न करणारा प्रकार निवडावा.