अनेक गाड्या, एक मार्ग

मुंबईकडून येणारा आणि कलकत्त्याकडून येणारा असे दोन लोहमार्ग १८७० साली जबलपूर येथे एकमेकांस मिळाले. एकेरी लोहमार्गावरची जुनी वहिवाट अशी, की स्टेशनमास्तरांकडून मिळणारा गोळा ज्या चालकाच्या हाती, त्याचीच गाडी पुढे जावयाची. त्यामुळे टक्कर टळते. परंतु दोन गाड्या एकमेकींची वाट पाहत उभ्याच राहिल्या तर? मग अपघात होत नाही, पण प्रवासही होत नाही.

एकाच वेळी अनेक कामे करणाऱ्या संगणकांपुढे नेमका हाच प्रश्न उभा राहतो. जर्मनीचे कार्ल आडाम पेट्री यांनी १९६२ साली अशा व्यवहारांना गणिती रूप दिले. डाइक्स्ट्रा यांनी १९६५ मध्ये, होअर यांनी १९७८ मध्ये आणि मिलनर यांनी १९८० मध्ये त्या विचाराला नव्या दिशा दिल्या. या विद्येची अडचण अशी, की हजार वेळा बिनचूक चाललेली यंत्रणा कामांचा क्रम किंचित बदलताच फसू शकते. म्हणून केवळ चाचणी पुरत नाही, सिद्धता हवी. आणि सिद्धतेतील छिद्र दाखविणारा दुसरा जाणकार हवा. एकट्याने करावयाची ही विद्या नव्हे.

भारतात हा दुसरा जाणकार कोठून आणावयाचा? मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत ‘टिफ्रॅक’ हा संगणक १९६० साली कार्यान्वित झाला. यंत्र घडविता येते हे त्याने दाखविले. परंतु मंडळी घडविणे हे निराळेच काम होते. त्याच संस्थेतील मथाई जोसेफ, व्ही. आर. प्रसाद आणि एन. नटराजन यांनी अनेक प्रक्रियक एकत्र चालविणाऱ्या कार्यप्रणालीवर लिहिलेला ग्रंथ १९८४ साली प्रसिद्ध झाला. तत्पूर्वी, १९८१ पासून, सॉफ्टवेअरचा पाया व सैद्धांतिक संगणकशास्त्र यांवरील वार्षिक परिषद सुरू झाली होती. चौथ्या परिषदेतील निबंध जोसेफ आणि आर. के. श्यामसुंदर यांनी संपादिले, आणि ते जर्मनीतील स्प्रिंगर प्रकाशनाच्या मान्यवर मालेत निघाले. १९८७ व १९८८ साली ही परिषद पुण्यात भरली, १९९३ आणि २००३ साली मुंबईत. जर्मनीत पेट्रींच्या जाळ्यांवर काम केलेले पी. एस. त्यागराजन मद्रासला आले आणि तेथेही अभ्यासकांचे एक केंद्र उभे राहिले.

या परिषदेचे खरे देणे कोणत्याही एका प्रमेयात नाही. दरवर्षी डिसेंबरच्या सुमारास परदेशचे पंडित आणि येथला विद्यार्थी एकाच दालनात बसतात. परीक्षकांच्या कसोटीस उतरलेला निबंधच वाचला जातो. मोठेपणाचा मान तेथे सिद्धतेला, पदाला नव्हे. परंपरा अशाच नेमाने रुजतात.

२००८ पासून या परिषदेचे निबंध सर्वांना विनामूल्य वाचावयास मिळतात. जबलपूरजवळ, खमरिया डाकघराच्या हद्दीत डुमना विमानतळाच्या रस्त्यावर, २००५ साली स्थापन झालेली माहिती तंत्रज्ञानाची राष्ट्रीय संस्था आहे. आयुधनिर्माणीमुळे ओळखल्या जाणाऱ्या त्या परिसरातील विद्यार्थ्याला मुंबईच्या वा बॉनच्या ग्रंथालयाची वाट पाहावी लागत नाही. मार्ग त्याच्यापर्यंत पोहोचला आहे. पण त्याचे लेखन तपासून ‘येथे चूक आहे’ असे आपुलकीने सांगणारे कोणी त्याला लाभले, तरच त्या मार्गावरून गाडी पुढे जाईल.