पायाने उडण्याचा इतिहास आणि माझ्या आराखड्यातलं एक चुकलेलं वाक्य

शिरूरहून न्हावऱ्यामार्गे चौफुल्याकडे गेलात तर वाटेत ऊस लागतो, भीमा लागते, पण उडी घ्यावी असा डोंगर काही लागत नाही. पुणे जिल्ह्यात पॅराग्लायडिंग शिकायला लोक उलट दिशेला, मावळात कामशेतला जातात, ते उगाच नाही. उतारावर धावताना जमीनच तुमच्या पायाखालून निघून जाते. शिरूर-दौंडच्या सपाटीवर जमीन तुम्हाला काडीची मदत करत नाही. इथून पायाने धावत उडायचं तर पाठीला इंजिन हवं. माझ्या संशोधनातला एक प्रश्न समजावून सांगायला म्हणून मी हीच सपाटी घेतो.

हँगग्लायडर म्हणजे ॲल्युमिनियमच्या नळ्यांवर ताणलेला त्रिकोणी कापडी पंख. माणूस त्याच्याखाली पट्ट्यांच्या झोळीत लटकतो आणि अंग इकडेतिकडे सरकवून दिशा बदलतो. आता हिशोब करा. असा पंख साधारण ताशी २८ किलोमीटरला माणसाला उचलू लागतो असं धरू. पंख आणि इंजिनची झोळी मिळून खांद्यावर पन्नासेक किलो ओझं. ते घेऊन तुम्ही किती पळाल? ताशी १५ म्हणजे डोक्यावरून पाणी. उरलेले १३ समोरच्या वाऱ्याने आणि इंजिनने भरून काढायचे. त्यात दौंड समुद्रसपाटीपासून ५०० मीटरहून उंच. मे महिन्यात पारा ४० वर गेला की तिथली हवा समुद्रकाठच्या १५ अंशांच्या हवेपेक्षा सुमारे १३ टक्के विरळ होते, म्हणजे २८ चे ३० होतात, आणि त्याच विरळ हवेत इंजिनचा जोरही घटतो. दुपारी वावटळी उठतात त्या वेगळ्याच. म्हणून सकाळची गार, संथ वाऱ्याची वेळ हवी, आणि समोर बांध, उभा ऊस किंवा मोटारीच्या विजेच्या तारा नसलेलं लांब रान हवं.

एवढं सगळं खांद्यावर घेण्यापेक्षा सरळ चाकं का लावू नयेत?

माझ्या पहिल्या आराखड्यात मी ठोकून दिलं होतं की "पायाने उड्डाण धोकादायक ठरल्यामुळे चाकं आली." मार्गदर्शकांनी समासात एकच शब्द लिहिला : कशावरून? त्या एका शब्दाने माझे चार महिने खाल्ले.

सुरुवातीपासून बघू. बर्लिनजवळ राहणाऱ्या ओटो लिलिएंटालची अडचण दौंडकरांसारखीच होती, आसपास सपाटी. त्याने १८९४ मध्ये चक्क पंधरा मीटर उंचीची टेकडी रचून घेतली आणि तिच्यावरून धावत उड्या मारल्या. पंखाला इंजिन जोडायचे प्रयोगही त्याने केले. पण ऑगस्ट १८९६ मध्ये बिनइंजिनच्या पंखावरून पडून तो गेला. ब्रिटनमधल्या पर्सी पिल्चरने इंजिनचं तीनमजली यंत्र बांधलं. सप्टेंबर १८९९ मध्ये ते दाखवायचं ठरलं, तर ऐनवेळी इंजिनचा दांडा तुटलेला. जमलेल्या पाहुण्यांची निराशा नको म्हणून त्याने जुना ग्लायडर काढला, हवेत त्याची शेपटी मोडली, आणि दोन दिवसांनी त्याचा मृत्यू झाला. दोघांकडेही इंजिन होतं आणि दोघेही इंजिनाशिवाय मेले. तेव्हा "इंजिन म्हणजे धोका" हे सोपं सूत्र इथेच लंगडं पडतं.

(इथे कुणीतरी हात वर करून शिवकर बापूजी तळपदे आणि १८९५ ची चौपाटी काढतंच. काढावीच. लिलिएंटालचे उडतानाचे फोटो आहेत, १८८९ चं मोजमापांसकट पुस्तक आहे. तळपद्यांच्या यंत्राचं त्या काळातलं असं काहीही आपल्या हाती नाही. दोन्ही दाव्यांना एकच कसोटी लावा, एवढंच माझं म्हणणं.)

आता थेट १९७५. अमेरिकेतल्या विस्कॉन्सिनमध्ये जॉन मूडीने गो-कार्टचं सुमारे १२ अश्वशक्तीचं इंजिन एका दुपंखी हँगग्लायडरला बांधलं आणि गोठलेल्या तळ्यावर धावत तो उडाला. टेकडी लागली नाही. पुढच्या वर्षी ऑशकॉशच्या विमानमेळाव्यात त्याने ते लोकांसमोर करून दाखवलं आणि लाट आली.

त्या लाटेतला सोअरमास्टर नावाचा संच त्रिकोणी पंखाच्या मधल्या दांड्याला बसायचा. म्हणजे ढकलणारी ताकद वर आणि माणसाचं वजन कितीतरी खाली. पट्टे ताणलेले असेपर्यंत तोल राहायचा. पण हवेत क्षणभर माणूस हलका झाला, पट्टे सैल पडले, की इंजिन पंखाचं नाक खाली दाबायचं. जमिनीवर धावतानाही तेच : पंख पुढे पळू बघतो, माणूस मागे राहतो. यात लोक मेले. मग धोका खरा होता, माझं वाक्य बरोबर ठरतं, नाही का?

नाही. कारण चाकं आली ती वेगळ्याच दाराने. अमेरिकेत १९८२ पर्यंत अशा यंत्राला "हे विमान नाही, हँगग्लायडर आहे" म्हणून सूट मिळायची ती पायाने उडवता येतं या खुणेवर. पाय हा कायद्यापुढचा पुरावा होता. १९८२ च्या नव्या नियमाने, ज्याला भाग १०३ म्हणतात, ती खूण काढून वजनाची मर्यादा आणली : इंजिनवाल्या यंत्राला २५४ पौंड, म्हणजे ११५ किलो. पायाची सक्ती गेली आणि चाकांवर बंधन राहिलं नाही. अपघातांच्या यादीत मी जे शोधत होतो ते नियमाच्या मजकुरात बसलं होतं. तुमच्या विषयातही कारण म्हणून तुम्ही जे लिहिलंय ते कुठल्या कागदावर दिसतं, हे आधी तपासा. मी उलट क्रमाने गेलो.

आणि पायाने उडणं संपलंही नाही, सुधारलं. पुढे स्वीडनमध्ये तयार झालेल्या मॉस्किटो या झोळीत इंजिन पंखावरून काढून माणसाच्या मागे बसवलं आणि पंखा पायांच्याही मागे गेला. ताकद आणि वजन जवळपास एका रेषेत आले. इंजिन साधारण १५ अश्वशक्तीचं. मला त्यातली सर्वांत आवडलेली गोष्ट म्हणजे उडताना इंजिनचा वेग दातांनी सांभाळायचा. दोन्ही हात पंखाच्या दांड्यांवर मोकळे. धावताना ठेच लागली, तोंड उघडलं, की इंजिन आपोआप मंदावतं. यंत्रातला हा एवढासा भाग आधीच्या कितीतरी पडण्यांची नोंद आहे, फक्त ती अक्षरांत लिहिलेली नाही.

काही नोंदी मात्र कुठल्याच भागात उतरत नाहीत, त्या सवयीत राहतात. धावण्याआधी झोळीत आडवं लटकून बघायचं, कारण पट्टा पंखाला अडकवायलाच विसरून धावलेले लोक झाले आहेत. नाक फार वर धरायचं नाही, नाहीतर पंख हवा पकडायच्या आधीच बसतो. इंजिन एकदम पूर्ण सोडायचं नाही, आधी पंख खांद्यावरून उचलला जाऊ द्यायचा. पाय सुटल्यासारखे वाटले तरी धावणं थांबवायचं नाही. (हे वाचून कुणी रानात उतरू नका. आधी शिक्षक, मग परवानगी, आणि पुण्याचं लोहगाव हवाई दलाचं आहे हेही लक्षात असू द्या.)

आपल्याकडे "पॉवर्ड हँगग्लायडर" म्हटलं की बहुतेकांच्या डोळ्यांपुढे तीन चाकांची गाडी आणि वर त्रिकोणी पंख येतो. नावात लटकणं शिल्लक राहिलं, पाय गेले. हे नाव भारतीय नियमांमध्ये कधी आणि कुठल्या अर्थाने शिरलं, हा माझ्या पुढच्या प्रकरणाचा विषय आहे. आराखड्यातलं ते वाक्य मी खोडलेलं नाही. त्याच्यापुढे मार्गदर्शकांचं "कशावरून?" अजून तसंच आहे.