दूरनियंत्रण आणि ४ वॅटची मर्यादा

हौसेचे दूरनियंत्रित विमान उडविणारा विद्यार्थी कायद्याच्या दृष्टीने एक लहानसे प्रेषणकेंद्रच चालवीत असतो. त्या केंद्राने हवेत किती शक्ती सोडावी, या प्रश्नाला भारतात मोठा इतिहास आहे.

१८९५ मध्ये जगदीशचंद्र बोस यांनी कलकत्त्यात विद्युतचुंबकीय लहरींच्या साहाय्याने दूरवरची घंटा वाजवून व बंदुकीची दारू पेटवून दाखविली. दूरनियंत्रणाचे तत्त्व असे आपल्याकडे लवकरच प्रकट झाले होते. पुढे १९३३ च्या बिनतारी तारायंत्र कायद्याने परवान्यावाचून उपकरण नुसते बाळगणे हाच अपराध ठरविला. प्रेषक बाळगल्यास तीन वर्षांपर्यंत कारावासाची तरतूदही त्यात आली. मात्र सूट देण्याचा अधिकार याच कायद्याने केंद्र सरकारकडे ठेवला होता.

तो अधिकार वापरून २८ जानेवारी २००५ रोजी २.४ ते २.४८३५ गिगाहर्ट्झ हा पट्टा परवानामुक्त करण्यात आला. प्रेषकाची शक्ती कमाल १ वॅट, प्रभावी प्रसारित शक्ती कमाल ४ वॅट आणि लहरींचा विस्तार किमान १० मेगाहर्ट्झ, या त्याच्या अटी. ऊर्जा रुंद पट्ट्यात पसरली की शेजारच्या उपकरणाला तिचा उपद्रव कमी होतो. वाय-फायप्रमाणेच दूरनियंत्रकांनाही या पट्ट्याचा लाभ झाला.

१ आणि ४ या दोन आकड्यांतील अंतर अँटेनाचे आहे. अँटेना नवी शक्ती निर्माण करीत नाही. असलेली शक्ती एका दिशेस एकवटते. म्हणून प्रेषक तोच ठेवून केवळ अँटेना बदलली, तरी मर्यादा ओलांडली जाऊ शकते.

पट्ट्याची निवडही तितकीच महत्त्वाची. अमेरिकेत ९०२ ते ९२८ मेगाहर्ट्झ हा पट्टा हौशी उपकरणांना खुला आहे, म्हणून ९१५ मेगाहर्ट्झचे संच सर्वत्र विकले जातात. भारतात ८९० ते ९१५ मेगाहर्ट्झवर मोबाइल फोन मनोऱ्याशी बोलतात. उंचावरून उडणाऱ्या विमानातील प्रेषकाची लहर कित्येक मनोऱ्यांपर्यंत विनाअडथळा पोहोचते आणि फोनचे क्षीण संकेत तिच्याखाली दबू शकतात. आपल्याकडे परवानामुक्त असलेला जवळचा पट्टा ८६५ ते ८६८ मेगाहर्ट्झचा.

सूट मिळाली, तरी संरक्षण मिळालेले नाही. इतरांना व्यत्यय आणू नये आणि आपल्याला झालेला व्यत्यय सोसावा, ही अट कायम आहे. संच मागविण्यापूर्वी त्याचा पट्टा, शक्ती आणि अँटेना या तीन गोष्टी अवश्य पाहाव्यात.