मेहनत वाढवूनही ताकद घटतेय? पैलवानांमधलं 'ओव्हरट्रेनिंग' म्हणजे काय?

2025 मध्ये अहिल्यानगर जिल्ह्यात वेगवेगळ्या संघटनांच्या दोन 'महाराष्ट्र केसरी' स्पर्धा झाल्या. फेब्रुवारीच्या सुरुवातीला अहिल्यानगर शहरात पृथ्वीराज मोहोळने, तर मार्चअखेर कर्जतमध्ये वेताळ शेळकेने गदा पटकावली. त्यातच गावोगावच्या यात्रांचे हगामे असतातच. अशा भरगच्च हंगामात पैलवानाला विश्रांती कधी मिळते, हा प्रश्न महत्त्वाचा ठरतो.

ओव्हरट्रेनिंग म्हणजे काय?

जोर-बैठका मारताना शरीर थकतं. ताकद वाढते ती नंतर, झोपेत आणि विश्रांतीत. ही भरपाई होण्याआधीच रोज नवा ताण पडत राहिला, तर मेहनत वाढूनही खेळ खालावतो. साधा थकवा काही दिवसांत जातो. ओव्हरट्रेनिंगमधून सावरायला मात्र अनेक महिने लागू शकतात.

लक्षणं कोणती?

- नेहमीच्या जोडीसोबतही लवकर दमछाक होणे
- झोप न लागणे, भूक मंदावणे
- चिडचिड, तालमीत जायची इच्छा न होणे
- वारंवार सर्दी-ताप, दुखापती बऱ्या न होणे

अनेकदा याला 'आळस' समजून मेहनत आणखी वाढवली जाते. त्याने त्रास वाढतो.

कुस्तीत धोका जास्त का?

कुस्ती, बॉक्सिंग, ज्युदो यांसारख्या खेळांत मेहनतीसोबत वजनही घटवावं लागतं. खुराक आणि पाणी कमी केलं की शरीराची दुरुस्ती थांबते. पॅरिस ऑलिम्पिकमध्ये अमन सेहरावतने कांस्यपदकाच्या लढतीआधी सुमारे 10 तासांत 4.6 किलो वजन कमी केलं, त्याचं कौतुक झालं. पण याची दुसरी बाजूही आहे. 1997 मध्ये अमेरिकेत वजन घटवताना तीन कॉलेज पैलवानांचा महिन्याभरात मृत्यू झाला. त्यानंतर तिथले वजनाचे नियम बदलले गेले.

तपासणी कशी होते?

ओव्हरट्रेनिंग ओळखणारी एकच अशी रक्त तपासणी नाही. रक्तक्षय, थायरॉइड, संसर्ग, अपुरा आहार ही कारणं डॉक्टर आधी तपासतात. अतिश्रमानंतर स्नायू खूप दुखत असतील आणि लघवी काळ्या चहासारखी होत असेल, तर लगेच रुग्णालय गाठावं. स्नायू तुटल्याने मूत्रपिंडांना धोका असू शकतो.

काय करता येईल?

- आठवड्यात एक दिवस पूर्ण विश्रांती
- जोरदार मेहनतीनंतरचा दिवस हलका
- मोठ्या कुस्तीनंतर काही दिवस लढत बंद
- झोप, सकाळची नाडी, वजन आणि मूड यांची रोज वहीत नोंद
- वजन हळूहळू, काही आठवड्यांत कमी करणे

आठवडाभर नोंदी बिघडलेल्या दिसल्या, तर ती वही वस्तादांना दाखवावी आणि मेहनत कमी करावी. वेळीच घेतलेल्या आठ-दहा दिवसांच्या विश्रांतीने पुढचा अख्खा हंगाम वाचू शकतो.