कार्यालयातील शेजारचा संगणक यादीतून नाहीसा झाला, तर...

आचरा (ता. मालवण) - सकाळी कार्यालय उघडावे, संगणक सुरू करावा आणि कालपर्यंत दिसणारा शेजारच्या टेबलावरील संगणक 'नेटवर्क'च्या यादीत दिसूच नये, हा अनुभव छोट्या कार्यालयांना नवा नाही. हिशेबाचे फोल्डर त्याच संगणकावर, प्रिंटरही त्यालाच जोडलेला आणि दारात पावतीसाठी माणसे उभी! आचऱ्यासारख्या किनारपट्टीवरील गावात तंत्रज्ञ बहुधा मालवणहून किंवा कणकवलीहून यावा लागतो. तो येईपर्यंत अर्धा दिवस सरतो. मग कुणीतरी फोनवरून सांगतो, "फायरवॉल बंद करा, चालेल." कधी कधी तसे केल्यावर काम सुरू होतेही, परंतु त्याच क्षणी कार्यालयाची सर्व कागदपत्रे उघड्यावर पडतात. हे टाळावयाचे असेल, तर दोष शोधण्याचा क्रम आपणांस ठाऊक असावयास हवा. तो फारसा अवघड नाही.

यादी वेगळी, वाट वेगळी

सर्वप्रथम एक गोष्ट ध्यानात घ्यावी. विंडोजमधील 'नेटवर्क' या चित्रावर टिचकी दिल्यावर जी संगणकांची यादी दिसते, ती म्हणजे प्रत्यक्ष जोडणी नव्हे. यादी तयार करणारी यंत्रणा निराळी आणि एका संगणकावरून दुसऱ्यावर फाइल नेणारी वाट निराळी. यादीत नाव नसतानाही फोल्डर उघडू शकते आणि यादीत नाव असूनही ते उघडण्यास नकार मिळू शकतो. आचरावासीयांना हे समजावयास सोपे आहे. गावपळणीच्या तीन दिवसांत गावात कुणी दिसत नाही, म्हणून घरे नाहीशी झाली असे कुणी म्हणत नाही. तेव्हा नाव दिसेनासे होताच संगणक बिघडला असा निष्कर्ष काढू नये.

जुनी पद्धत कशी होती?

विंडोज ९८ मध्ये या यादीला 'नेटवर्क नेबरहूड' म्हणत, तर विंडोज एक्सपीमध्ये 'माय नेटवर्क प्लेसेस'. ती यादी सांभाळण्याचे काम 'कॉम्प्युटर ब्राउझर' नावाच्या सेवेकडे असे. जाळ्यातील संगणक आपसांत निवडणूक घेत आणि त्यांतील एक 'मास्टर ब्राउझर' ठरे. प्रत्येक संगणक साधारणपणे दर १२ मिनिटांनी आपल्या अस्तित्वाची घोषणा करी. लागोपाठ ३ घोषणा चुकल्या, म्हणजे ३६ मिनिटे गेली, की त्याचे नाव मुख्य यादीतून वगळले जाई. दुय्यम याद्या दर १५ मिनिटांनी नव्याने घेतल्या जात. त्यामुळे अचानक बंद पडलेल्या संगणकाचे नाव ५१ मिनिटांपर्यंत यादीत रेंगाळू शकत असे. मास्टर ब्राउझर ठरलेल्या संगणकावरच फायरवॉल आडवी आली, तर सर्वांचीच यादी रिकामी होई. 'थोडा वेळ थांबा, दिसेल' हा त्या काळचा सल्ला म्हणूनच अगदी निराधार नव्हता.

२०१७ नंतर काय बदलले?

ही यादी 'एसएमबी १' या जुन्या नियमावलीवर अवलंबून होती. विंडोजचे संगणक परस्परांना फाइल देताना ज्या नियमांनी बोलतात, त्यांना 'एसएमबी' म्हणतात. त्यांची पहिली आवृत्ती असुरक्षित ठरल्याने ऑक्टोबर २०१७ मध्ये आलेल्या विंडोज १० च्या १७०९ या आवृत्तीपासून मायक्रोसॉफ्टने ती नव्या संगणकांवर बसविणे थांबविले. तिच्याबरोबर जुनी ब्राउझर सेवाही गेली. पुढे २०१८ च्या १८०३ आवृत्तीत 'होमग्रुप' ही सोयही काढून टाकण्यात आली. आता यादी 'डब्ल्यूएस-डिस्कव्हरी' या नव्या पद्धतीने बनते. त्यामुळे एका कार्यालयात जुने आणि नवे संगणक एकत्र असतील, तर ते परस्परांच्या यादीत न दिसणे हा बिघाड नसून दोन पिढ्यांच्या भाषेतील फरक असू शकतो.

तपासणीचा क्रम

प्रारंभी दोष कुठे आहे ते ठरवावे. एकाच संगणकाला कुणी दिसत नसेल, तर दोष बहुधा त्या संगणकात असतो. एकच संगणक कुणालाही दिसत नसेल, तरीही त्याच्याकडेच पाहावे. कुणालाच कुणी दिसत नसेल, तर स्विच किंवा राउटरकडे वळावे. त्यानंतर पुढील पायऱ्या क्रमाने घ्याव्यात. एका वेळी एकच बदल करावा, म्हणजे कशाने गुण आला ते कळते.

१) दिवे पाहावेत : केबल जिथे स्विचला जोडलेली असते, तिथला छोटा दिवा लागलेला असावा. नसेल तर केबल काढून पुन्हा नीट बसवावी, दुसऱ्या खाचेत लावून पाहावी, दुसरी केबल वापरून पाहावी. नेहमीच्या तांब्याच्या नेटवर्क केबलची मर्यादा १०० मीटर असते, हेही विसरू नये.

२) पत्ता पाहावा : शोधपट्टीत रोमन लिपीत 'सीएमडी' लिहून काळा पडदा उघडावा आणि 'आयपीकॉन्फिग' ही आज्ञा द्यावी. तेथे 'आयपीव्ही४' पुढे चार आकड्यांचा पत्ता दिसतो, उदाहरणार्थ १९२.१६८.१.५. छोट्या कार्यालयात पत्त्यातील पहिले तीन आकडे सर्व संगणकांवर बहुधा सारखेच असतात. पत्ता १६९.२५४ ने सुरू होत असेल, तर संगणकाला राउटरकडून पत्ता मिळालेलाच नाही असे समजावे. एका संगणकावर १९२.१६८.० आणि दुसऱ्यावर १९२.१६८.१ असेल, तर कार्यालयात नकळत दोन जाळी तयार झाली आहेत. जुन्या राउटरपुढे नवा वाय-फाय राउटर जोडल्यावर असे वारंवार घडते. दोन्ही संगणकांवर इंटरनेट चालते, त्यामुळे संशय येत नाही. पण यादी बनविणारी हाक राउटर ओलांडून पलीकडे जात नाही. अशा वेळी नवा राउटर 'ॲक्सेस पॉइंट' म्हणून चालविणे हा उपाय होय. वाय-फायवरील संगणक 'गेस्ट' जाळ्यात तर नाही ना, किंवा राउटरमध्ये संगणकांना परस्परांपासून अलग ठेवणारी 'आयसोलेशन' सोय सुरू नाही ना, हेही पाहावे.

३) थेट वाट तपासावी : 'पिंग' या आज्ञेपुढे प्रथम राउटरचा पत्ता द्यावा. उत्तर आले, तर आपल्या संगणकाची बाजू ठीक आहे. मग शेजारच्या संगणकाचा पत्ता द्यावा. तिथून उत्तर न आले, तरी तो बंदच आहे असे नाही. फायरवॉल पिंगला अडवू शकते. म्हणून फाइल एक्सप्लोररच्या पट्टीत \\ ही खूण करून पुढे त्या संगणकाचा पत्ता लिहावा. फोल्डर उघडले, तर वाट मोकळी आहे, केवळ यादी रुसली आहे. मग पत्त्याऐवजी संगणकाचे नाव लिहून पाहावे. पत्त्याने उघडते आणि नावाने उघडत नाही, तर नाव ओळखण्यात अडचण आहे. दोन संगणकांना एकच नाव दिलेले नाही ना आणि नाव १५ अक्षरांपेक्षा लांब नाही ना, हे पाहावे. तातडीचे काम असेल, तर या मार्गाने उघडलेल्या फोल्डरचा शॉर्टकट पडद्यावर ठेवून कामकाज सुरू करता येते.

४) 'पब्लिक' की 'प्रायव्हेट' : विंडोज नव्या जाळ्याला बहुधा परके मानते आणि 'पब्लिक' असा शेरा मारते. अशा स्थितीत संगणक स्वतःला लपवितो. राउटर बदलल्यावर सारे संगणक एकाएकी दिसेनासे होण्यामागे हेच कारण असू शकते. सेटिंग्जमध्ये नेटवर्कच्या विभागात जाऊन कार्यालयाच्या जाळ्यापुरते 'प्रायव्हेट' निवडावे आणि 'नेटवर्क डिस्कव्हरी' व 'फाइल अँड प्रिंटर शेअरिंग' या दोन सोयी सुरू आहेत याची खात्री करावी.

५) दोन सेवा : 'सर्व्हिसेस' उघडून 'फंक्शन डिस्कव्हरी प्रोव्हायडर होस्ट' आणि 'फंक्शन डिस्कव्हरी रिसोर्स पब्लिकेशन' या दोन सेवा शोधाव्यात. पहिली इतरांना शोधते, तर दुसरी आपले नाव इतरांना कळविते. संगणक सुरू झाल्यावर दुसरी सेवा चालूच झाली नाही, तर इतरांच्या यादीत त्याचे नाव येत नाही. दोन्ही सेवा 'ऑटोमॅटिक (डिलेड स्टार्ट)' वर ठेवाव्यात.

६) नाव आणि पासवर्ड : नाव दिसते, पण आत प्रवेश नाही, अशी तक्रार असेल तर येथे पाहावे. ज्या खात्याला पासवर्डच नाही, त्या खात्याने विंडोज सहसा नेटवर्कवरून प्रवेश देत नाही. संगणक उघडताना वापरावयाचा चार आकडी पिन नेटवर्कवर चालत नाही. तिथे खात्याचा खरा पासवर्ड लागतो. पासवर्ड नुकताच बदलला असेल, तर 'क्रेडेन्शियल मॅनेजर'मध्ये साठवलेला जुना पासवर्ड काढून टाकावा. २०२४ मध्ये आलेल्या विंडोज ११ च्या २४एच२ या व्यावसायिक आवृत्तीत पासवर्डविना 'गेस्ट' प्रवेश मूळातच बंद केलेला आहे. त्या अद्ययावतीनंतर जुनी साठवणपेटी उघडेनाशी झाली असेल, तर पेटीवर नाव आणि पासवर्ड तयार करावा. विंडोजचे कुलूप सैल करू नये.

७) प्रिंटर : नेटवर्कवरील प्रिंटरचा पत्ता वीज जाऊन आल्यावर बदलू शकतो आणि संगणक मात्र जुन्याच पत्त्यावर कागद पाठवीत राहतो. राउटरमध्ये प्रिंटरसाठी एक पत्ता राखून ठेवावा, म्हणजे ही कटकट कायमची मिटते.

खारा वारा आणि विजा

कोकण किनाऱ्यावर आणखी एक कारण विसरून चालत नाही. समुद्राकडील खाऱ्या, दमट हवेने केबलच्या टोकातील धातूच्या पट्ट्यांवर गंज चढतो. जोडणी पुरती तुटत नाही. ती मधूनमधून सुटते, आणि असा दोष शोधणे सर्वांत कठीण. पावसाळा संपल्यावर केबलची टोके तपासून खराब झालेली बदलून घ्यावीत. वळवाच्या आणि परतीच्या पावसात विजा चमकू लागल्या, की वीजपुरवठ्याबरोबर बाहेरून येणारी तांब्याची तारही काढून ठेवावी. मे २०२१ मधील तौक्ते चक्रीवादळात सिंधुदुर्ग किनाऱ्यावरील वीज आणि दूरध्वनी सेवा कोलमडली होती. अशा खंडानंतर सर्व यंत्रे एकदम सुरू न करता आधी राउटर, मग स्विच आणि शेवटी संगणक सुरू करावेत.

हे मात्र करू नये

फायरवॉल पूर्ण बंद करणे आणि 'एसएमबी १' पुन्हा सुरू करणे, हे दोन उपाय सर्रास सांगितले जातात. दोन्ही टाळावेत. एसएमबी १ मधील गंभीर उणिवेवर मायक्रोसॉफ्टने १४ मार्च २०१७ रोजी दुरुस्ती दिली होती. ती न बसविलेल्या संगणकांवर १२ मे २०१७ रोजी 'वॉनाक्राय' तुटून पडला आणि सुमारे १५० देशांत पसरला. पाठोपाठ २७ जून २०१७ रोजी 'नॉटपेट्या' आला. एका यंत्रावरून दुसऱ्यावर जाण्याच्या त्याच्या वाटांपैकी एक वाट हीच उणीव होती. मर्स्क या जहाज कंपनीची यंत्रणा त्यात बंद पडली आणि न्हावाशेवा येथील जवाहरलाल नेहरू बंदरातील तिच्या समूहाच्या टर्मिनलचे कामही विस्कळीत झाले. तिथे कंटेनर अडकले. छोट्या कार्यालयात त्याच वाटेने कित्येक वर्षांचे हिशेब, सभासदांच्या नोंदी आणि दाखले जाऊ शकतात. एखादे जुने स्कॅनर किंवा साठवणपेटी एसएमबी १ शिवाय चालतच नसेल, तर तिची नवी आज्ञावली मिळते का ते पाहावे. न मिळाल्यास पेनड्राइव्हने काम भागवावे आणि ते उपकरण यथावकाश बदलावे. विंडोज १० चा नियमित सुरक्षा आधारही १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपला आहे, हे नवी खरेदी करताना ध्यानी असावे.

एक वही ठेवावी

शेवटी, एक साधी वही पुष्कळ श्रम वाचविते. प्रत्येक संगणकाचे नाव, त्याचा पत्ता, शेअर केलेली फोल्डरे, प्रिंटरचा राखीव पत्ता, राउटर बसविल्याची तारीख आणि केलेला प्रत्येक बदल तीत लिहावा. पासवर्ड मात्र त्या वहीत लिहू नयेत. ते कुलूपबंद ठिकाणी वेगळे ठेवावेत. तसेच हिशेबाच्या फोल्डरची एक प्रत दर आठवड्याला बाहेरील डिस्कवर घेऊन ती डिस्क संगणकापासून सोडवून ठेवावी. तंत्रज्ञाला बोलावण्याची वेळ आलीच, तर ही वही त्याच्यापुढे ठेवावी. अर्ध्या दिवसाचे काम अर्ध्या तासावर येण्याची शक्यता त्यामुळे बळावते.