स्त्रीची कामेच्छा : एका प्रश्नाचा इतिहास

ज्या व्यक्तीपाशीं प्रश्नाचें उत्तर आहे, नेमकें तिलाच तो विचारावयाचा नाहीं, असा जणूं नियम करून विद्वानांनीं ज्या विषयावर शतकानुशतकें वाद घातला, तो विषय स्त्रीच्या कामेच्छेचा होय.

आपल्याकडे वात्स्यायनानें कामसूत्रांत हा वाद नोंदून ठेविला आहे. औद्दालकीच्या मतें स्त्रीला पुरुषासारखी सुखाची परिणति नाहीं. बाभ्रव्याच्या अनुयायांच्या मतें तिचें सुख आरंभापासून अखंड असतें. उभय पक्ष तपासून वात्स्यायन दोघांच्या सुखांत मूलतः भेद नाहीं असा निर्णय देतो. याहून महत्त्वाची गोष्ट ही कीं, नवविवाहितेचा विश्वास कसा संपादावा यासाठीं त्यानें स्वतंत्र अध्याय लिहिला, आणि बळजबरीनें तिच्या मनांत समागमाविषयींच द्वेष उपजतो असें बजावलें. अनिच्छेचें कारण स्त्रीच्या शरीरांत शोधण्यापूर्वीं तिला मिळालेल्या वागणुकींत शोधावें, हें तत्त्व इतकें जुनें आहे.

एकोणिसाव्या शतकांतील इंग्लंडास त्याची ओळख नव्हती. विल्यम ॲक्टन या डॉक्टरानें, १८५७ सालीं प्रथम निघालेल्या व पुढें अनेक आवृत्त्या झालेल्या आपल्या ग्रंथांत, बहुतेक स्त्रियांस कामभावनेचा फारसा त्रास होत नाहीं, असें प्रतिपादिलें. इच्छेचा अभाव हा कुलीनतेचा अलंकार ठरला. हॅवलॉक एलिसनें १९०३ सालीं याचें खंडन केलें. परंतु फ्रॉइडनें १९०५ सालीं नवीच कसोटी पुढें केली. बाह्य अवयवाची संवेदना योनिमार्गाकडे वळली नाहीं, तर स्त्रीची वाढ अपुरी, असा त्याचा सिद्धान्त. काल जी इच्छा नसणें हा सद्गुण होता, तीच आज नसली तर स्त्री 'थंड' व रोगी! दोन्ही निवाडे परस्परविरुद्ध. पण स्त्रीची साक्ष दोहोंतही दुय्यमच.

महाराष्ट्रांत र. धों. कर्वे यांनीं १९२७ ते १९५३ पर्यंत 'समाजस्वास्थ्य' मासिक चालविलें, व स्त्रीलाही कामसुखाचा हक्क आहे असें निर्भीडपणें लिहिलें. वाचकांच्या प्रश्नांस दिलेल्या उत्तरांबद्दल १९३४ सालीं त्यांच्यावर खटला झाला, डॉ. बाबासाहेब आंबेडकर त्यांचे वकील होते. तरीही कर्व्यांस दंड झाला. जेथें उत्तर देणेंच गुन्हा, तेथें प्रश्न विचारण्याचें धैर्य कोणती गृहिणी करणार?

अखेर किन्से याच्या १९५३ च्या ग्रंथासाठीं हजारों अमेरिकन स्त्रियांस प्रत्यक्ष विचारण्यांत आलें. मास्टर्स व जॉन्सन यांनीं १९६६ सालीं प्रयोगशाळेंतील निरीक्षणांनीं फ्रॉइडच्या कसोटीचा शारीरिक आधारच काढून घेतला. पुढें कॅनडांतील रोझमेरी बॅसन या वैद्यक-विदुषीनें २००० सालीं दाखविलें कीं, दीर्घ सहवासांत पुष्कळ स्त्रियांच्या ठिकाणीं इच्छा आधीं उद्भवत नाहीं; जवळीक, विश्वास व स्पर्श यांमागून ती येते. म्हणून तिची वाट पाहावी लागणें हा विकार नव्हे.

अमेरिकन मानसोपचारतज्ज्ञांच्या २०१३ च्या वर्गीकरणांत इच्छा व उद्दीपन यांच्या तक्रारी एकत्र केल्या आहेत; परंतु त्या सुमारें सहा महिने टिकलेल्या असल्या आणि त्यांचा त्या स्त्रीला स्वतःला क्लेश होत असला, तरच तो विकार मानावा, अशी अट आहे. पति असंतुष्ट आहे, एवढें कारण पुरत नाहीं. दोनदां नाकारलेलें एक औषध तेथें २०१५ सालीं मंजूर झालें; पण त्याचा गुण माफकच. प्रसूति, ऋतुनिवृत्ति, वेदना, उदासीनता, तिच्यावरील कांहीं औषधें, अपुरी झोंप, दिवसभराचे कष्ट, मनांतील भय अथवा राग, इतक्या वाटांनीं येणाऱ्या अडचणीस एकच गोळी कशी पुरावी?

यावरून बोध घ्यावयाचा तो एवढाच. इच्छा मंदावली म्हणून स्त्री दोषी ठरत नाहीं. तिला दुःख होत असेल तर डॉक्टरांकडे जाण्यांत लाजही नाहीं. मात्र निदानाचा आरंभ तिच्या शब्दानें झाला पाहिजे, आणि तो शब्द ऐकण्याची पहिली जबाबदारी घरांतच आहे.