तेक्क्योन : एका लोकविद्येची वंशावळ

पारतंत्र्यांतून मुक्त झालेल्या राष्ट्रास आपल्या प्रत्येक कलेची वंशावळ पुराणकाळाला नेऊन भिडविण्याचा मोह होतो. हा मोह समजण्यासारखा आहे. परंतु कल्पित पूर्वजांच्या गर्दींत खरा पूर्वज मात्र पुष्कळदां ओळखूं येईनासा होतो. कोरियांतील तेक्क्योन नामक द्वंद्वविद्येची कथा याचें बोधप्रद उदाहरण आहे.

तेक्क्योनचा उगम सांगतांना गोगुर्यो राज्यांतील थडग्यांकडे बोट दाखविण्याचा प्रघात आहे. सुमारें दीड हजार वर्षांपूर्वींच्या त्या थडग्यांच्या भिंतींवर, समोरासमोर पवित्रा घेतलेले दोन पुरुष रंगविलेले आढळतात. चित्रें अस्सल आहेत, यांत संशय नाहीं. पण त्यांवर कोणत्याही विद्येचें नांव नाहीं, आणि पवित्रा तर प्रत्येक देशाचा मल्ल घेतो. राजा जोंगजो याच्या आज्ञेनें १७९० सालीं सिद्ध झालेल्या युद्धकलेच्या राजग्रंथाची साक्ष काढावी, तर त्यांतील निःशस्त्र युद्धाचें प्रकरण मुख्यतः छी जिग्वांग या चिनी सेनापतीच्या ग्रंथावर आधारलेलें आहे.

मग खरा पुरावा कोठें सांपडतो? १७९८ सालच्या एका कोशांत तेक्क्योनचें नांव येतें. १८४६ सालचें म्हणून मानिलें जाणारें यू सुक या चित्रकाराचें एक चित्र आहे. त्यांत एकीकडे कोरियन कुस्ती चालली आहे, दुसरीकडे दोन गडी तेक्क्योन खेळत आहेत. आणि सभोंवार प्रतिष्ठित व सामान्य लोकांचा मेळा जमला असून त्यांत मिठाई विकणाराही आहे. पुढें १८९५ सालीं स्ट्यूअर्ट क्यूलिन या अमेरिकन संशोधकानें कोरियन खेळांवर जो ग्रंथ लिहिला, त्यांत या खेळाचें वर्णन आहे : प्रत्येक खेळाडूचे पाय तीन ठरीव जागांपैकीं दोहोंवर असावयाचे, व प्रतिस्पर्ध्याचा पाय लाथेनें उडवून त्यास पाडावयाचें. म्हणजे, निश्चित पुराव्यानें दिसणारें तेक्क्योन राजवाड्यांतलें वा मठांतलें नसून जत्रेंतलें आहे.

या विद्येचें तत्त्वज्ञानही असेंच भूमीला धरून आहे. तिला सूत्रग्रंथ नाहीं. जें सांगावयाचें तें ती नियमांतूनच सांगते. त्रिकोणावर पाउलें टाकीत गुडघे लवचिकपणें खालवर करावयाचे, आणि त्या डुलत्या गतींतच हल्ला व बचाव दोन्ही साधावयाचे. पाहणारास तें युद्धापेक्षां नृत्यच वाटावें. प्रतिस्पर्ध्यास खालीं पाडणें किंवा त्याच्या तोंडापर्यंत लाथ पोंचविणें म्हणजे विजय. मात्र लाथ हाड मोडणारी नव्हे, ढकलणारी असावी लागते. शिवाय प्रत्येकानें आपला एक पाय प्रतिपक्षाच्या टप्प्यांत पुढें ठेविलाच पाहिजे. या नियमास 'देजोप' म्हणतात, आणि कोरियन व्यवहारांत त्याच शब्दाचा अर्थ पाहुण्याचें आदरातिथ्य असा आहे! शत्रूला प्रथम संधि देऊन मग त्याच्याशीं झुंजावें, हा विचार खेडुतांच्या खेळानें एका शब्दांत सांठवून ठेविला आहे.

१९१० ते १९४५ या जपानी अमलाच्या काळांत हा खेळ जवळजवळ नामशेष झाला. स्वातंत्र्यानंतर सोलमध्यें ज्या नव्या तालमी भरभराटीस आल्या, त्यांच्या प्रमुखांपैकीं अनेकांचें शिक्षण जपानी कराटेचें होतें. १९५५ सालीं या नव्या विद्येस 'तायक्वांदो' हें नांव मिळालें. जुन्या नांवाशीं त्याचें ध्वनिसाम्य सोयीचें होतें. थडग्यांवरील चित्रेंही मग तिच्याच वंशावळींत ओढलीं गेलीं. २००० सालीं सिडनी येथील ऑलिंपिक सामन्यांत तिला पदकाचा मान लाभला. तो तिच्या गुणांनींच लाभला. त्यासाठीं उसन्या पूर्वजांची गरज नव्हती.

आणि खरा वारस? सोंग डॉक-गी (१८९३–१९८७) या सोलमधील गृहस्थानें बालपणीं इम हो नांवाच्या गुरूपासून घेतलेलें तेक्क्योन आपल्या देहांत जपून ठेविलें होतें. शिन हान-सुंग यांनीं त्यांच्यापाशीं शिकून त्याला शिस्तबद्ध पाठांचें रूप दिलें. १९८३ सालीं कोरियाच्या शासनानें तेक्क्योनला राष्ट्राच्या सांस्कृतिक ठेव्यांत स्थान दिलें, व १९८७ सालीं हे दोघेही निवर्तले. चार वर्षांचाच अवधि. तेवढा विलंब झाला असता, तर ही मान्यता दोघांपैकीं एकालाही पाहावयास मिळाली नसती! त्यांच्या पश्चात् शिष्यांत पंथ पडले व नियमांविषयीं मतभेद झाले, हें खरें. परंतु विद्या जगली. २०११ सालीं युनेस्कोनेंही तिचा जागतिक वारशांत समावेश केला.

एखाद्या कलेला दीड हजार वर्षें वयाची म्हणून दाखविणें सोपें आहे. ती जाणणारा शेवटचा माणूस हयात असतांना त्याच्याजवळ जाऊन बसणें कठीण आहे. पहिल्यानें अभिमान तृप्त होतो, दुसऱ्यानें परंपरा टिकते. भिंतीवरचे मल्ल पवित्रा घेऊन कितीही शतकें उभे राहिले, तरी पुढचें पाऊल कोणतें, हें ते कोणाला शिकवूं शकत नाहींत. तें सोंग यांना ठाऊक होतें.